अर्धा कप

शालननं डब्याखाली चिठ्ठी ठेवली होती.
अक्षर तिचं नव्हे, पोरीचं.
गुरुवार, साडेसात, महापालिकेची शाळा, खोली चार.
खाली सेक्टरचा आकडा, भाजीच्या तेलानं पुसट,
सहा की आठ, कळेना.

कोपरखैरण्यात पाचाच्या पुढं सहा येईलच असं नाही.
बावीस वर्षं राहतोय मी इथं,
पण सेक्टर कधी मोजावेच लागले नाहीत.
कांदा-बटाटा मार्केटातनं सुटलो की
पाय आपले आपण चालायचे:
कोपऱ्यावरचं दुकान, मग जिन्याखालचं,
मग ते, जिथं उधारी चालते,
मग ते, जिथं चालत नाही, पण मी रडलो की चालते.

पाठीवर पन्नास किलोची गोण घेऊन
फळीवरनं ट्रकात चढणारा माणूस मी,
आणि खिशात ती चिठ्ठी असताना
गुडघे असे, जसे कुणाचे तरी उसने आणलेले.

पानवाल्याला विचारलं,
"शाळा कुठं हो? भाच्याचं ॲडमिशन आहे."
संध्याकाळी साडेसातला ॲडमिशन.
तो चुना लावत राहिला.
रिक्षावाल्याला म्हणालो, "मित्राला सोडायचंय."
"मित्र कुठंय?"
मित्र कुठंय.

शेवटी बारच्या दारातल्या रामसजीवनला विचारलं.
त्यानं मला किती वेळा
बखोटीला धरून रिक्षात घातलंय, चप्पल हातात देऊन.
त्याच्याशी खोटं बोलायला तोंडच नव्हतं.
त्यानं चिठ्ठी पाहिली नाही. नुसता हात वर केला,
रस्त्याच्या पलीकडं.
"दर गुरुवारी बत्ती जळते.
तुमचे दोन-चार दोस्तपण जातात.
मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

समोरच.
अकरा वर्षं मी त्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिलोय,
कशासाठी ते सांगत नाही.

खोली चार म्हणजे तिसरीचा वर्ग.
फळ्यावर 'परिसर अभ्यास', खाली अर्धवट काढलेला बेडूक.
बाकं एवढुशी की सगळ्यांचे गुडघे छातीशी.
टाय लावलेला एक साहेब, दिवाळे गावचा एक कोळी,
मर्सी नावाची नर्स, पिशवीत विणकाम,
एक पोरगा, जेमतेम माझ्या पोरीएवढा.
मला वाटलं होतं भाषण असेल,
देवाची, आईची शपथ घालतील.
शपथा माझ्याकडं पोत्यानं पडल्या होत्या.

कुणी आडनाव विचारलं नाही. टोळी नाही, गाव नाही.
मर्सीनं चहा दिला. अर्धा कप.
मनात आलं, इथंही हात आखडता?
मग कप माझ्या हातात आला,
आणि अर्धा होता म्हणूनच सांडला नाही.
वर बघितलं, तर ती मुद्दाम दुसरीकडं बघत होती.

त्या दिवशी नुसतं नाव सांगितलं.
"हणमंत," म्हणालो.
पुढचं वाक्य तिथं सगळ्यांना पाठ होतं,
मला आलं नाही.
थांबले ते. पंखा किरकिरत होता.

घरी शालननं दार उघडलं,
उंबऱ्यातच माझ्या तोंडाचा वास घेतला, जुनी सवय.
काही बोलली नाही. पुन्हा एकदा घेतला.
मग भाकरी टाकायला आत गेली.

मधे एक गुरुवार चुकला.
तो कुठं गेला ते रामसजीवनला विचारा.
पुढच्या खेपेला परत खोली चार, परत अर्धा कप,
आणि कुणाच्याच कपाळाला आठी नाही.
तेच जास्त लागलं.

आज फळ्यावर बेडकाच्या जागी जलचक्र आहे.
मर्सीला नाइट ड्यूटी, चहा पोरगा देतोय.
माझा कप काठोकाठ.
चुकून की बघून, मी विचारलं नाही.
दोन्ही हातांनी उचलला. थोडा सांडलाच,
बाकावर कर्कटकानं कोरलेल्या
'प्रणित' या नावावर.
बाहीनं नीट पुसून घेतला,
लेकराला सकाळी तिथं बसायचंय.